मैदानावरची चढाई, वहीतली घसरण

१४ एप्रिल २०१८ रोजी बुखारेस्टच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ३६,२७७ प्रेक्षक फुटबॉल पाहायला जमले. सामना कुठल्या युरोपीय चषकाचा नव्हता, रोमानियाच्या पहिल्या श्रेणीचाही नव्हता. तो होता चौथ्या श्रेणीतला, म्हणजे लिगा फोरमधला. या श्रेणीत एरवी दोन-तीनशे माणसे आली तरी यजमान खूश असतात. त्या दिवशी मात्र समोरासमोर होते स्तेआवा आणि रापिद. स्तेआवा हे सैन्याच्या क्लबचे नाव. या नावाच्या संघाने १९८६ मध्ये सेव्हियात बार्सिलोनाला पेनल्टींवर हरवून युरोपियन कप जिंकला होता. रापिद हा रेल्वे कारखान्यातल्या कामगारांनी १९२३ मध्ये सुरू केलेला क्लब. रापिदची कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत बुडाली. स्तेआवाच्या नावावरून संरक्षण मंत्रालय आणि उद्योजक जिजी बेकाली यांच्यात खटला रंगला. बेकालींच्या संघाला ‘एफसीएसबी’ म्हणून खेळावे लागले आणि मंत्रालयाने २०१७ मध्ये आपला संघ अगदी तळापासून उभा केला. म्हणून हे दोन बडे शेजारी जिल्हा पातळीवर भेटले.

त्या हंगामात रापिदचा वारसा सांगणारा ‘आकादेमिया रापिद’ अव्वल ठरून वर गेला. २०१९ मध्ये त्याने दुसरी श्रेणी गाठली, २०२१ मध्ये पहिली. स्तेआवाला चौथ्या श्रेणीतून बाहेर पडायलाच तीन हंगाम लागले. त्यानंतर दुसरी श्रेणी गाठल्यावर कायदा आडवा आला. सरकारी मालकीच्या क्लबने पहिल्या श्रेणीत खेळायचे नाही, असा तेव्हा नियम होता. खेळा, जिंका, पण वर जाऊ नका, असा हा अजब कारभार.

बुखारेस्टबाहेरची चौथी श्रेणी फार वेगळी दिसते. रोमानियात ४१ जिल्हे आहेत आणि राजधानी वेगळी धरली जाते. प्रत्येक ठिकाणी जिल्हा संघटना आपली लीग चालवते. संघ गावांचे आणि तालुक्याएवढ्या शहरांचे. खेळाडू आठवडाभर कामधंदा करून शनिवार-रविवारी बूट चढवणारे. प्रेक्षक सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात. सामना संपला की बाकांखाली टरफलांचा सडा पडलेला असतो आणि पंचांना उद्देशून बरेच काही बोलून झालेले असते. खर्चाचा मोठा वाटा बहुतेक ठिकाणी नगरपालिका उचलते. महापौर बदलला की संघाचे नशीबही बदलते.

खरी गंमत हंगामाच्या शेवटी असते. जिल्ह्यात पहिला आलात म्हणजे तिसऱ्या श्रेणीत गेलात, असे होत नाही. बेचाळीस विजेत्यांसाठी वर जागा असतात साधारण निम्म्या. म्हणून जून महिन्यात आसपासच्या दोन जिल्ह्यांच्या विजेत्यांची जोडी लावतात. एक सामना इकडे, एक तिकडे. वर्षभर एकही सामना न हरलेला संघही या दोन सामन्यांत गळपटला तर पुन्हा त्याच गावांच्या फेऱ्या मारायला परत येतो. हे अन्यायाचे आहे, विजेत्याला थेट बढती द्या, अशी ओरड स्वाभाविक म्हणायला हवी. ती मात्र पटत नाही. आयपीएलमध्ये तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच थाटात लिलावाला बसतो. त्याच्यापेक्षा दोन सामन्यांत सगळे पणाला लावणारी ही शिडी प्रामाणिक आहे. शिवाय सगळे जिल्हे सारख्या ताकदीचे नसतात. शेजाऱ्याशी एकदा भिडल्याशिवाय आपली खरी पायरी कळायची कशी?

दुखणे दुसरीकडे आहे. वर चढायचे ते मैदानावर, पण खाली यायचे ते हिशेबाच्या वहीत, ही रोमानियाची रीत होऊन बसली आहे. पुरावा म्हणून २०१०-११ चा एकच हंगाम पुरे. त्या वर्षी विजेता ठरला गालात्सचा ओत्सेलुल. ओत्सेल म्हणजे पोलाद, आणि गालात्स हे डॅन्यूबकाठचे पोलादाचे शहर. प्रशिक्षक दोरिनेल मुंतेआनू यांनी घडवलेला हा संघ पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडशी खेळला आणि गटातले सहाच्या सहा सामने हरला. उपविजेता होता तिमिशोआरा. त्याला परवानाच नाकारला गेला आणि थेट दुसऱ्या श्रेणीत ढकलले गेले. पुढच्या वर्षी तिथला आपला गट जिंकून त्याने बढती कमावली, तेव्हा पुन्हा परवाना नाही. २०१२ मध्ये क्लबच संपला. या गोष्टीतला तिसरा संघ उर्झिचेनचा, तोही त्याच हंगामात घसरला.

उर्झिचेन हे छोटेसे गाव. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला युनिरेआ तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. २००६ मध्ये पहिल्या श्रेणीत, २००९ मध्ये प्रशिक्षक दान पेत्रेस्कूच्या हाताखाली थेट देशाचा विजेता. त्या शरद ऋतूत या संघाने ग्लासगोला जाऊन रेंजर्सला ४-१ असे लोळवले. घरचे सामने मात्र बुखारेस्टला खेळावे लागत, कारण गावचे मैदान चॅम्पियन्स लीगला पुरणारे नव्हते. मालकाचा उत्साह आटला, मोठे खेळाडू विकले गेले आणि २०११ मध्ये घसरणीबरोबर क्लबही मोडीत निघाला. विजेतेपदापासून विसर्जनापर्यंत दोन वर्षे.

ओत्सेलुलने जरा दम धरला. २०१५ मध्ये घसरण, २०१६ मध्ये अंत. पण त्याच वर्षी चाहत्यांच्या धडपडीतून नवा संघ जिल्हा लीगमध्ये उतरला. ज्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी आपल्या संघाला युनायटेडशी झुंजताना पाहिले, तेच आता आसपासच्या खेड्यांच्या मैदानांवर दोरीपलीकडे उभे राहून ओरडत होते. परतायला सात वर्षे लागली. २०२३ मध्ये ओत्सेलुल पहिल्या श्रेणीत आला.

यावर उपाय म्हणून रोमानियाचा फुटबॉल महासंघ परवान्याचे नियम आवळतो, पण त्याची करडी नजर मुख्यतः वरच्या श्रेणींवर असते. तोवर फार उशीर झालेला असतो. कर्जाची सवय खालीच लागते. तिसऱ्या श्रेणीत प्रवास लांबतो, प्रशिक्षक पूर्णवेळ लागतो, खेळाडू पगार मागतात आणि गावच्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक तेवढेच राहते. त्यामुळे जूनच्या त्या दोन सामन्यांआधी प्रत्येक जिल्हा विजेत्याकडे पुढच्या दोन हंगामांच्या पैशांचा कागद मागायला हवा, आणि तो पैसा एकाच खिशातून येत असेल तर आणखी खोदून विचारायला हवे. काही विजेते यात गळतील. गळू देत. जिल्ह्यात पहिला येऊन समाधानाने तिथेच राहणे हा पराभव नाही, ही गोष्ट एकदा क्लबांच्या चालकांनी मनावर घ्यायला हवी.

वर न जाताही नाव कमावता येते, हे हुनेदोआराने दाखवले. तेही पोलादाचेच शहर. कारखान्याची भट्टी थंडावली, क्लबही एकापेक्षा जास्त वेळा बुडाला आणि पुन्हा खालून उभा राहिला. १५ मे २०२४ रोजी सिबियूत रोमानियाच्या चषकाची अंतिम लढत झाली. एका बाजूला दुसऱ्या श्रेणीतला कोर्विनुल हुनेदोआरा, दुसऱ्या बाजूला नुकताच पहिल्या श्रेणीत परतलेला ओत्सेलुल. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टींवर कोर्विनुलने चषक उचलला. जुलैत या संघाने युरोपा लीगच्या पात्रता फेरीत हंगेरीच्या पाक्शला हरवले, आणि नंतरचा हंगाम तो पुन्हा दुसऱ्या श्रेणीतच खेळला.