बापाचा सूड आणि दीघावूची तलवार

चिनी मारामारीच्या सिनेमातली एक गोष्ट आपल्या पोरांना तोंडपाठ असते. बापाचा खून होतो, मुलगा जीव वाचवून पळतो, गुरूकडे विद्या शिकतो आणि शेवटी खुन्याला लोळवतो. १९८२ सालच्या ‘शाओलिन टेंपल’मध्ये जेट लीने असाच मुलगा उभा केला. त्याच्या बापाला जुलमी सरदार मारतो. मुलाला आसरा देतात शाओलिनचे भिक्खू. चित्रीकरणही हेनान प्रांतातल्या त्याच विहारात झाले. सूड उगवल्यावर तो मुलगा चीवर धारण करतो.

सिनेमा पाहताना टाळ्या आम्हीही वाजवतो. पण प्राणीहत्येपासून दूर राहण्याचे शील घेणाऱ्या घरात एक प्रश्न उरतोच. बापाला मारणाऱ्याचे करायचे काय?

विनयपिटकाच्या महावग्गात याचे उत्तर आहे. कौशांबीचे भिक्खू आपसात भांडू लागले, तेव्हा तथागतांनी त्यांना दीघावूची गोष्ट सांगितली. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलचा राजा दीघिती याचे राज्य बळकावले. दीघिती राणीसह वेश पालटून वाराणसीत एका कुंभाराच्या घरी राहिला. जुन्या सेवकाने चुगली केली. राजाराणीची धिंड काढून दोघांना ठार मारले. मरण्यापूर्वी बापाने मुलाला बजावले, वैर वाढवू नकोस.

पुढे दीघावू ब्रह्मदत्ताच्याच चाकरीत शिरला. एकदा शिकारीत दमलेला राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. दीघावूने तीनदा तलवार उपसली, तीनदा म्यान केली. राजा दचकून जागा झाला. मग दीघावूने आपली ओळख दिली आणि झालेला अन्याय राजाच्या तोंडावर सांगितला. मी तुला मारले असते, तर तुझ्या माणसांनी मला आणि माझ्या माणसांनी त्यांना मारले असते, हेही सांगितले. दोघांनी एकमेकांना अभय दिले. ब्रह्मदत्ताने बापाचे राज्य मुलाला परत केले.

बंधू-भगिनींनो, दीघावूने तलवार म्यान केली, पण तोंड बंद ठेवले नाही आणि हक्कही सोडला नाही. ज्या घरावर असा घाला पडला, त्या घराला ‘विसरून जा’ सांगणे हा धम्म नव्हे. त्या माउलीबरोबर फिर्याद द्यायला जावे, कोर्टाच्या प्रत्येक तारखेला सोबत बसावे, साक्षीदाराला एकटे पडू देऊ नये. हे काम वर्षानुवर्षे चालते आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत.

पोरांना कराटे जरूर शिकवा. रात्री जेवताना दीघावूची गोष्टही सांगा.