जीव वाचला, पण उपचार संपले नाहीत

गेल्या वर्षी एक बाई मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा सव्वीस वर्षांचा. बदलापूरच्या पुढच्या एका फाटकात बंद दांड्याखालून बाईक काढताना ती रुळातच बंद पडली. लोकलनं बाईक उडवली, हा बाजूला फेकला गेला आणि उजव्या खांद्यावर आपटला. कुठलंही हाड मोठं मोडलं नव्हतं. अपघाताला चौदा महिने झाले होते आणि तेवढे दिवस उजवा हात नुसता लोंबकळत होता. इतके दिवस का थांबलात, असं विचारलं. म्हणाल्या, "सगळे म्हणायचे, नशीब समजा जीव वाचला. हात काय, येईल हळूहळू."

तो हात आता पूर्वीसारखा होणार नव्हता, आणि हे त्या माऊलीला मलाच सांगावं लागलं. तेव्हापासून "नशीब, जीव वाचला" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ते दिलासा म्हणून बोललं जातं, पण त्यामुळे उपचार थांबतात.

त्या हाताचं काय झालं होतं, ते समजून घ्या. मानेतून निघून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा एक जुडगा असतो, ब्रेकियल प्लेक्सस. बाईकवरून फेकलेला माणूस खांद्यावर पडला की खांदा खाली आणि मान विरुद्ध दिशेला जाते, आणि हा जुडगा ताणला जातो. कधी तुटतो, कधी मज्जारज्जूपासूनच उपटला जातो. एक्स-रेमध्ये यातलं काहीच दिसत नाही. नुसता ताण असेल तर हात आपोआप सुधारतो, हे खरं. पण तीन महिन्यांत काहीच हालचाल आली नाही, तर वाट बघण्याचे दिवस संपले. मज्जातंतू जोडण्याची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते.

घाई कशाला, असं वाटेल. हिशेब करा. मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर ६०-७० सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. आणि मज्जातंतूचा संबंध तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा सुकतो. म्हणजे रस्ता दुरुस्त होईपर्यंत पोहोचायचं घरच पडलेलं असतं. म्हणूनच लवकर शस्त्रक्रिया झाली तरी सर्जन आधी कोपर आणि खांद्याचा विचार करतात. आमच्या या पेशंटला आता दुसरीकडचा स्नायू आणून कोपर थोडं वाकवता येईल, एवढीच आशा उरली. शिवाय बधिर हातात रात्री आग होते ती वेगळी. ही आग साध्या वेदनाशामक गोळीनं जात नाही, मज्जातंतूंच्या वेदनेची औषधं वेगळी असतात. पेशंट "हात मेलाय पण दुखतोय" म्हणतो आणि घरच्यांना ते नाटक वाटतं!

डोक्याच्या माराचं तर याहून वाईट. पहिलं सीटी स्कॅन नॉर्मल आलं की सगळे निर्धास्त होतात. सहा महिन्यांनी बायको सांगते, "हे असे नव्हते हो." किरकोळ गोष्टीवर भडकणं, सांगितलेलं विसरणं, कामावर टिकता न येणं, झोप उडणं. हा स्वभाव बिघडलेला नाही, हा मेंदूला झालेल्या इजेचा परिणाम असू शकतो. फिट तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही पहिल्यांदा येते. म्हणून अशा माणसाच्या हातात डॉक्टरांना न विचारता पुन्हा बाईकची चावी देऊ नका. आणि गंमत बघा (गंमत कसली!), २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूच्या माराचं वेगळं नावच नाही.

पाय गेलेल्यांचा घोळ वेगळा. उरलेला भाग पहिल्या काही महिन्यांत आकसतो, म्हणून सुरुवातीचा कृत्रिम पाय सैल होतो, घासतो, जखम होते. लोक समजतात पाय खराब निघाला, आणि तो माळ्यावर टाकतात. खरं तर त्याचं सॉकेट बदलायचं असतं, पुढेही ठरावीक काळानं बदलत राहावं लागतं. नाहीतर सगळा भार धडधाकट पायावर येऊन काही वर्षांत तो गुडघा आणि कंबरही बोलायला लागते.

आता दुसरं वाक्य: "चूक त्याचीच होती." होतीच. दांड्याखालून जाणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं २०१९ पर्यंत जवळजवळ सगळी संपली. आज फाटकात गाडीखाली येणारा बहुतेक वेळा बंद दांडा ओलांडूनच येतो, आणि वेगातली लोकल थांबायला शेकडो मीटर घेते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरं रुळांनी उभी चिरलेली, पुलावरची कोंडी रोजची, हे मीही जाणतो. तरी दांडा म्हणजे दांडा. पण चूक कोणाची हे पोलिसांनी आणि कोर्टानं बघावं. ते काही निदान नव्हे. "स्वतःच्या मस्तीनं पडला" म्हणून फिजिओथेरपी बंद करणारं घर मी पाहिलंय.

रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी जखमींना स्टेशनवर तातडीचे उपचार मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं हायकोर्टात भांडले. पहिल्या तासासाठी निदान कोणी भांडलं. पुढच्या दोन वर्षांसाठी आपल्या कल्याण-कर्जत पट्ट्यात कोण भांडतंय? मज्जातंतूंची शस्त्रक्रिया असो की नीट बसणारं सॉकेट, मोडक्या हातापायानिशी गर्दीच्या लोकलनं मुंबईच गाठायची. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, चांगली आहे, पण बदलापूरहून एका पायावर तिथे जाऊन दाखवा. या तिन्ही शहरांतल्या नगरसेवकांना मतं मागायला आल्यावर हे विचारा: सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस पुनर्वसनाची ओपीडी का नाही?

तोवर घरात असा पेशंट असेल तर डिस्चार्जच्या वेळी कार्डावर तीन गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या: हात-पाय हलले नाहीत तर किती दिवसांत आणि कोणाकडे जायचं, फिजिओथेरपी कोणत्या तारखेपासून, आणि डोक्याला मार असेल तर पुन्हा कधी दाखवायचं. डॉक्टर घाईत असतील तर थांबा, पण लिहून घेतल्याशिवाय रिक्षा बोलवू नका.