डाव कोणता, खाऊ कोणता?

बैठ्या खेळांच्या रात्री खायला काय असावे, हा प्रश्न काहींना पोरकट वाटेल. मला मात्र तो शिस्तीचा वाटतो आणि त्याहून जास्त बरोबरीचा.

आधी शिस्तीचे बोलू. कॅरमवर वेफर्सचा तेलकट हात पडला की सोंगटी अडकते, मग कितीही पावडर टाका. पत्त्यांना चिवड्याचे डाग पडले की पाठीमागूनही हुकमाचा एक्का ओळखू येतो, आणि तिथे खेळ संपतो. इंग्लंडमधल्या सँडविचच्या चौथ्या अर्लने पत्त्यांच्या डावावरून उठावे लागू नये म्हणून पावाच्या दोन कापांमध्ये मांस घालून मागवले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, तिच्यातला मुद्दा पटण्यासारखा आहे. खाणे खेळाला शोभणारे हवे, खेळ मोडणारे नको.

पण माझे म्हणणे एवढ्यावर थांबत नाही. खाऊ खेळातूनच निघावा. बुद्धिबळ घ्या. त्याचे मूळ आपल्या चतुरंगात आहे: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. म्हणून पटाशेजारी चार वाट्या ठेवायच्या. हत्तीसाठी गूळ, घोड्यासाठी भाजलेले हरभरे, पायदळासाठी फौजेत चहाबरोबर मिळतात तसे शक्करपारे. रथाला काय द्यायचे यावर आमच्या हाऊसमध्ये बराच वाद झाला. शेवटी चाकासारखी गोल बिस्किटे मंजूर झाली. नियम असा की ज्याची सोंगटी मरेल, खाऊ त्याला. मारणाऱ्याला डावात फायदा झालेलाच असतो.

सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. आपली परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. शिडी चढणाऱ्याला चिक्कीचा तुकडा आणि सापाने गिळलेल्याला कारल्याची एक फोड. मेसमध्ये ताटात उरणारे कारले सापाच्या नावाने हसत हसत संपते, हे मी पाहिले आहे.

आता मुख्य मुद्दा. गेल्या सत्रातल्या एका खेळरात्री प्रत्येकाने घरून आलेला डबा आणायचा असे ठरले होते. झाले काय, की ज्या टेबलावर काजूकतली आणि परदेशी चॉकलेट होते, तिथे खेळाडूंची गर्दी झाली. सहावीतला एक कॅडेट, ज्याचे वडील सीमेवर तैनात आहेत आणि ज्याला सत्रभर पार्सल आले नव्हते, तो भिंतीशी उभा राहिला. विचारल्यावर म्हणाला, ‘भूक नाही, सर.’ जेवून दोन तास झाले होते. या वयात कोणाला भूक नसते?

इथे आपण सगळे एकच गणवेश घालतो. कोणाचे वडील सुभेदार, कोणाचे कर्नल, कोणाचे शेतकरी, हे परेडवर दिसत नाही. मग ते खाऊच्या डब्यावरून का दिसावे?

यावर एक सोपा उपाय काही जण सुचवतात: खेळताना खाणेच बंद करा. उंदीर-मुंग्याही येणार नाहीत. हा मुद्दा चुकीचा नाही, पण मला तो पुरेसा वाटत नाही. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना एकत्र बसून खाण्याची गरज असते. मेसमध्ये आपण घड्याळावर नजर ठेवून जेवतो. गप्पा मारत खाणे या एकाच रात्री होते. मुंग्यांसाठी झाडू आहे, आणि आपल्याला तो चालवता येतो.

म्हणून माझी सूचना अशी. खाऊ डब्यातून नाही, मेसच्या कोठीतून यावा, आणि तो ठरवावा खेळाने. उदाहरण लुडोचे. आपला पचिसीचा खेळ इंग्लंडमध्ये सोपा होऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडो म्हणून पेटंट झाला. मूळ पचिसीचा दगडी पट आजही फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात पाहता येतो. या पटाला चार बाजू असतात. मेसमधून मुरमुऱ्यांची एकच पिशवी घ्यायची आणि चार बाजूंना चार प्रकार करायचे. बंगालचे कॅडेट झालमुडी करतील, बिहारचे भुंजा, कर्नाटकचे मंडक्की, आणि आपण मराठी मुले, इथे मूठभर असलो तरी, लसणाचे भडंग. मुरमुरे तेच, फक्त हात वेगळे. कागदी द्रोण आणि चमचा दिला की पटही स्वच्छ राहील. यात पैसा लागत नाही, लागते ती आईची आठवलेली कृती. ती ज्याला पार्सल येत नाही त्याच्याकडेही असते. उलट, भिंतीशी उभा राहणारा मुलगाच त्या दिवशी टेबलाचा उस्ताद होऊ शकतो.

पालकांना एक विनंती. पुढच्या भेटीला येताना महागडा डबा आणला नाही तरी चालेल. तुमच्या घरी मुरमुऱ्याला फोडणी कशी देतात, तेवढे एका कागदावर लिहून द्या.

आणि शिक्षकांना आठवण. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात घेतला. टेबलावरच्या खेळातून डावपेच शिकता येतात, हे सैन्याने केव्हाच मान्य केले आहे. त्याच टेबलावर आपल्या तुकडीतला कोण उपाशी आहे हे बघायलाही शिकता येते. पुढे ज्याला जवानांचे नेतृत्व करायचे आहे, त्याला हा धडाही लागणारच. पुढच्या खेळरात्रीसाठी मुरमुऱ्यांची एक पिशवी मंजूर व्हावी, एवढीच मागणी आहे.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी