पावतीमागचा माल

सेवानिवृत्तीनंतर माणसाच्या हाती वेळ येतो आणि त्याबरोबर टीव्हीचा रिमोटही येतो. मात्र रिमोट घरातील मंडळी फार काळ हाती राहू देत नाहीत. आमच्याकडे जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपतात. त्यामुळे संध्याकाळ लांबते आणि ती पडद्यासमोर जाते, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. ‘एरवी ठेवी, व्याज आणि वारसनोंद यांवर लिहिणारे तुम्ही करमणुकीसाठी पाहता तरी काय?’ असे काही वाचकांनी विचारले. यावेळी हिशेबाला थोडी सुट्टी देऊन त्याचे उत्तर लिहावे असे ठरविले. सुट्टी प्रत्यक्षात मिळाली नाही, ती गोष्ट वेगळी.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा मी शाळेत होतो. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आम्ही शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसून पाहिले. पुढे नोकरीत स्थिरावल्यावर स्वतःचा संच घेतला आणि त्यावर सर्वांत मन लावून पाहिली ती ‘मालगुडी डेज’. आर. के. नारायण यांच्या कथा, शंकर नाग यांचे दिग्दर्शन आणि कर्नाटकातील आगुंबे गावातले चित्रीकरण. तिच्यातील टपालवाल्याची कथा मी कधीच विसरलो नाही. ओळखीच्या घरातील मुलीचे लग्न निर्विघ्न पार पडावे म्हणून तो नातलगाच्या आजारपणाचे आणि मृत्यूचे टपाल दडवून ठेवतो आणि कार्य उरकल्यावर स्वतःच आणून देतो. नियमभंग झाला यात शंका नाही. माझ्या खात्यात असता तर त्याला खुलासा मागितला गेला असता. तरीही तेव्हा मला वाटले होते की, आपणही प्रसंगी असेच वागावे. या वाटण्याविषयी पुढे लिहिणार आहे.

अलीकडच्या मालिकांपैकी सर्वाधिक वेळा पाहिलेली मालिका म्हणजे ‘स्कॅम १९९२’. ऑक्टोबर २०२० मध्ये, टाळेबंदीच्या कंटाळवाण्या काळात, ती सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शक हन्सल मेहता, हर्षद मेहतांच्या भूमिकेत प्रतीक गांधी, एकूण भाग १०. सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर ती आधारलेली आहे. प्रतीक गांधी यांचा अभिनय इतका सहज आहे की, तिसऱ्या भागापर्यंत मीही त्या माणसाच्या बाजूने झालो होतो, आणि मी तर बँकेचा माणूस!

मालिकेची खरी थोरवी माझ्या मते अभिनयात नाही. ज्या कंटाळवाण्या कागदावर सारा व्यवहार उभा होता, तो कागद तिने सामान्य प्रेक्षकाला समजावून दिला, ही तिची थोरवी. त्या काळी बँकांना ठेवींचा मोठा हिस्सा, ३८.५ टक्क्यांपर्यंत, सरकारी रोख्यांत व तत्सम मालमत्तेत ठेवणे भाग होते. एखाद्या बँकेला पंधरा दिवस पैसा कमी पडला की ती आपले रोखे दुसऱ्या बँकेला विकी आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भावाने परत घेई. याला ‘रेडी फॉरवर्ड’ म्हणत. प्रत्यक्षात रोखे हलत नसत. रिझर्व्ह बँकेकडील त्यांच्या नोंदी हातानेच होत आणि त्यांना विलंब लागे. म्हणून विकणारी बँक ‘बँक रिसीट’ देई: रोखे आमच्याकडे आहेत, यथावकाश देऊ, अशी पावती. मध्ये दलाल आला. बँकेच्या नावाचा धनादेश दलालाच्या खात्यात जमा होऊ लागला आणि तो पैसा भांडवल बाजाराकडे वळला. पुढे तर मागे एकही रोखा नसताना पावत्या निघाल्या. अशा पावत्या देणाऱ्यांत आपल्याच मुलखातील बँक ऑफ कराड होती, हे वाचून त्या वर्षी सातारा-सांगली भागातील ठेवीदारांची झोप उडाली. ती बँक अवसायनात गेली. एसीसीचा दोनशेच्या आसपास असलेला समभाग नऊ हजारांच्या घरात गेला तो याच पैशाच्या जोरावर. २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात छापून आली आणि मग सारेच खाली आले.

मालिकेतील माझे आवडते पात्र कोणते, असे विचाराल तर हर्षद नव्हे आणि पत्रकार बाईही नव्हेत. पहिल्याच भागात स्टेट बँकेतला एक घाबरलेला गृहस्थ वृत्तपत्राच्या कचेरीत येतो. कपाळावर घाम, आवाज कापतो आहे आणि बोलायला बसतो तो चुकून व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्यासमोर! शारिब हाश्मी यांनी ते काम केले आहे. पाचशे कोटींचा हिशेब लागत नाही, एवढे सांगण्यासाठी त्या मनुष्याला किती बळ गोळा करावे लागले असेल, हे ज्याने खुर्चीवर बसून सह्या केल्या आहेत त्यालाच कळेल.

तक्रारही नोंदवितो. मालिकेचे संगीत अप्रतिम आहे, आणि तेच तिचे न्यून आहे. ते वाजू लागले की, चुकीचे कामही पराक्रमासारखे भासते. बाजार कोसळल्यावर नाटक सत्ताधारी, तपास अधिकारी आणि दलाल यांच्यातच फिरत राहते. ज्या हजारो घरांत समभागांची प्रमाणपत्रे कपाटात पिवळी पडली, त्या घरांत कॅमेरा फारसा शिरत नाही. तशा एका घराचा मी साक्षीदार आहे. साक्षीदार हा शब्दही पुरेसा प्रामाणिक नाही.

१९९२ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. तेथील एका कापड दुकानाला आमची तीन लाखांची कॅश क्रेडिट होती. माल नजरगहाण, मार्जिन २५ टक्के. म्हणजे तीन लाख उचलायचे तर दुकानात चार लाखांचा माल हवा. शेटजी दरमहा स्टॉक स्टेटमेंट देत आणि मी तीन महिन्यांतून एकदा तपासणीला जाई. मार्चमध्ये गेलो तेव्हा पुढची फळी ताग्यांनी भरलेली होती. मागचे गोदाम मात्र बंद. ‘किल्ली मुलाकडे आहे साहेब, तो इचलकरंजीला गेलाय,’ शेटजी म्हणाले. त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली नाही. गावात सर्वांप्रमाणे त्यांनीही समभाग घेतल्याची कुजबुज माझ्या कानी आली होती. मी चहा घेतला, ‘माल पाहिला, विवरणाशी जुळतो’ असे लिहिले आणि सही केली. भला मनुष्य आहे, दोन महिन्यांत सावरेल, असा विचार केला. मालगुडीचा टपालवाला त्या क्षणी मला आठवला होता की नाही, हे सांगता येत नाही. पण मनात तीच ऊब होती.

मालिकेतील त्या पावत्या पाहताना सहाव्या की सातव्या भागात मी संच बंद केला. पत्नीने कारण विचारले. डोळे दुखतात, असे सांगितले. मागे माल नसलेली एक पावती मीही दिली होती. रक्कम लहान होती, एवढाच फरक.

शेटजींनी बँकेचा पैसा बुडविला नाही. गावाबाहेरचा भूखंड गेला, शेटाणींचे दागिने गेले, मुलाचे पुण्यात शिकणे राहिले. शेवटचा हप्ता १९९९ साली भरला, तेव्हा माझी बदली होऊन चार वर्षे झाली होती.

गेल्या दिवाळीत एका लग्नाची पत्रिका द्यायला त्या गावी जाणे झाले. दुकान आता मोठे झाले आहे, गल्ल्यावर नातू बसतो. चुणचुणीत, बी.कॉम. झालेला. मी बसलो असतानाच त्याचा फोन वाजला आणि वाजली ती नेमकी त्या मालिकेची धून. ‘काका, काय माणूस होता!’ तो म्हणाला. दुपारी गिऱ्हाईक कमी असले की मोबाइलवर ऑप्शन्सचे व्यवहार करतो, असेही त्याने अभिमानाने सांगितले. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा व्यवहारांतील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तीन वर्षांच्या काळात तोट्यात गेल्याचे दिसले, हे मी त्याला सांगितले. उरलेल्या सातांत आपण आहोत, अशी त्याची खात्री होती.

मग मी त्याला दुसरा चित्रपट सुचविला: ‘रॉकेट सिंग’, २००९ सालचा, शिमित अमीन यांनी दिग्दर्शित केलेला, जयदीप साहनी यांनी लिहिलेला, रणबीर कपूरचा. तिकीट खिडकीवर तो फारसा चालला नाही. व्यापारी घरांनी तरी तो उचलून धरायला हवा होता. संगणक विकणाऱ्या कंपनीतला एक सामान्य गुणांचा पोरगा लाच द्यायला नकार देतो, अपमान सोसतो आणि त्याच कचेरीत बसून गुपचूप स्वतःचा धंदा उभारतो. हे गुपचूप करणे मला पटलेले नाही. मालकाचा फोन आणि वीज वापरून स्वतःचा धंदा करणे ही चोरीच. पण तो पोरगा वापरलेल्या गोष्टींचा हिशेब लिहून ठेवतो, परत करायचा म्हणून. आमच्याकडील कित्येक धंदे अशाच एका वहीवर उभे राहिले आहेत. धंद्याची खरी मेहनत, म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन उचलणे, दिलेल्या वेळी माल पोहोचविणे, बिघडले तर रात्री जाऊन दुरुस्त करणे, इतक्या जिव्हाळ्याने दाखविणारा दुसरा हिंदी चित्रपट मी पाहिलेला नाही.

‘पाहतो काका,’ नातू म्हणाला. त्याच्या स्वरावरून तो पाहणार नाही, हे कळले.

शेटजी आत तक्क्याला टेकून बसले होते. वय ८४. ऐकू कमी येते, पण ती धून त्यांनीही ऐकली असावी. मी विचारले, ‘शेटजी, आपण पाहिली का ती मालिका?’ ते म्हणाले, ‘तीन भाग पाहिले. पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं.’ थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘साहेब, त्या दिवशी तुम्ही कुलूप तोडा म्हणाला असता ना, तर मी निम्म्यातच थांबलो असतो. आणखी पंधरा दिवस घेत राहिलो मी.’

तेहतीस वर्षे मी त्या सहीला उपकार समजत आलो होतो. उत्तर सुचले नाही. मी फक्त, ‘माझं चुकलं शेटजी,’ म्हणालो.

नातू हातातला तागा तसाच धरून उभा होता. ‘कसलं कुलूप, आजोबा?’ त्याने विचारले. शेटजींनी त्याला फोन बाजूला ठेवून जवळ बसायला सांगितले. माझी बस पाचची होती. मी निघालो तेव्हा ते १९९२ च्या फेब्रुवारीपर्यंत आले होते.