वाचनसंकल्प : आकडा की क्रम?

वर्षारंभीचे वाचनसंकल्प बहुधा आकड्यांत मांडले जातात : पन्नास पुस्तके, शंभर पुस्तके. आकडा गाठायचा म्हटला की निवड पृष्ठसंख्येवर ठरू लागते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) मग केवळ लहान म्हणून हाती घेतली जाते आणि एका बैठकीत ‘संपते’.

वर्षभराच्या संकल्पाला आकड्यापेक्षा क्रमाची गरज अधिक आहे, असे मला वाटते. महिन्याला एक याप्रमाणे मराठी कादंबरी कालानुक्रमे वाचून पाहावी. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) आरंभ केला की पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये पुन्हा एक यमुना भेटते. दोघींच्याही वाट्याला वैधव्य येते. पदमनजींच्या यमुनेची कथा ख्रिस्ती धर्मविचाराच्या दिशेने नेली जाते. हरिभाऊंची यमू मात्र आपली कहाणी स्वतः सांगते. मराठी कादंबरीतील ‘मी’ इथे एका स्त्रीच्या तोंडून बोलू लागतो. हे ध्यानी ठेवून ‘कोसला’कडे (१९६३) आले, तर पांडुरंग सांगवीकरच्या ‘मी’चे नेमके वेगळेपण उमगते.

अभ्यासक्रमात या कादंबऱ्या सुट्या येतात, प्रश्नपत्रिकेपुरत्या उरतात. त्यांतील परस्परसंबंध शोधण्याचे काम अध्यापकाचे. पण अध्यापकाचे वाचनही नेमलेल्या पुस्तकापाशीच थांबत असेल, तर विद्यार्थ्याला परंपरेचे भान कोण देणार? बारा महिन्यांत बारा कादंबऱ्या ही संख्या मोठी नव्हे. परंतु क्रमाने वाचल्या, तर त्या शंभरांहून अधिक काही देतात.