जहाज दिसते, मालक दिसत नाही

भर समुद्रातील जहाज या घटकेला कोठे आहे, हे सरकारांना घरबसल्या कळावे अशी तरतूद आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ मध्ये ‘सोलास’ करारात केली आणि २००८ च्या आरंभी ती अमलात आली. परदेशी जलप्रवास करणारी प्रवासी जहाजे, तीनशे टन वा त्याहून अधिक टनभाराची मालवाहू जहाजे आणि समुद्रातील फिरती तेलवेधन यंत्रे यांनी आपली ओळख, ठिकाण व वेळ दर सहा तासांनी उपग्रहामार्फत आपल्या ध्वजराष्ट्राला कळवावयाची असते. बंदराकडे निघालेल्या जहाजाची माहिती त्या बंदराचे सरकार मागू शकते. किनाऱ्यापासून हजार सागरी मैलांतून नुसत्या जाणाऱ्या जहाजाचीही माहिती किनारी राष्ट्र मागू शकते. मात्र तिचे दाम त्यानेच मोजावयाचे. बुडत्यांच्या शोधासाठी ती विनामूल्य मिळते, ही त्यातल्या त्यात माणुसकीची बाजू.

या व्यवस्थेचे समर्थन सुरक्षिततेच्या नावाने झाले. परंतु नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांनी वापरलेली ‘कुबेर’ ही मासेमारी नौका होती आणि मासेमारी नौका या नियमाच्या कक्षेतच येत नाहीत. ‘पवित’ या तेलवाहू जहाजाची कथा तर अधिक बोलकी आहे. पनामाचा ध्वज लावलेले हे जहाज ओमानजवळ संकटात सापडले आणि खलाशांनी ते सोडले. त्यानंतर महिनाभर ते निर्मनुष्य स्थितीत वाहत राहिले आणि ३१ जुलै २०११ रोजी जुहूच्या वाळूत येऊन रुतले. हा सारा प्रवास भारताच्या हजार मैलांच्या आतला! जहाजावरची वीज गेली की यंत्र मुके होते. परंतु एखादे जहाज मुके झाले, हीच मोठी बातमी आहे, असे किनाऱ्यावर कोणाला वाटले नाही.

वस्तुतः जहाजाच्या ठिकाणापेक्षा त्याच्या मालकाचा ठावठिकाणा काढणे कठीण आहे. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे यांचे सोयीचे ध्वज मालकाने घ्यावेत, कागदावर एक कंपनी उभी करावी आणि नफा आटला की जहाज व त्यावरील माणसे नांगरावर टाकून नाहीसे व्हावे, हा नौवहन भांडवलाचा परिपाठ झाला आहे. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ या एका वर्षात तीनशेहून अधिक जहाजांवरील तीन हजारांवर खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक होती. सागरी श्रम करारानुसार दोन महिने वेतन थकले की खलाशाचा ‘परित्याग’ झाला असे मानतात. २०१७ पासून मालकाला त्यासाठी आर्थिक हमीही द्यावी लागते. पण ज्याने हमी घेतलीच नाही किंवा घेतलेली संपू दिली, त्याला गाठावयाचे कोठे?

येथेच या दोन व्यवस्थांची सांगड घालता येण्याजोगी आहे. टाकून दिलेले जहाज, त्याचे यंत्र चालू असेपर्यंत, तेच अक्षांश आणि तेच रेखांश महिनोन्‌महिने कळवीत राहते. वेतनाची तक्रार मुंबईला पोहोचण्यापूर्वीच ही नोंद बोलू लागलेली असते. परंतु ती ऐकण्याचा अधिकार केवळ सरकारांना आहे. कामगार संघटनेला नाही, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरी फोनची वाट पाहणाऱ्या पत्नीला तर नाहीच नाही.

भारताचे राष्ट्रीय माहिती केंद्र नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत आहे आणि खलाशांच्या हिताची जबाबदारीही त्याच कार्यालयावर आहे. ओमान व अमिरातीच्या किनाऱ्यालगतचा बराचसा समुद्र भारताच्या हजार मैलांत पडतो. भारतीय खलाशी असलेले परदेशी जहाज त्या टापूत आठवडेच्या आठवडे हलले नाही, तर त्याची माहिती विकत घेऊन महासंचालनालयाने आपण होऊन ध्वजराष्ट्राला जाब विचारावा, आणि ती नोंद खलाशांच्या संघटनांपुढे ठेवावी. हा खर्च पुढे मालकाच्या हमीतून वसूल करण्याची तरतूद सागरी संघटनेत मांडण्याचे काम, एवढे खलाशी जगाला पुरविणाऱ्या देशाने करावयाचे नाही, तर कोणी करावयाचे?