फिलाडेल्फिया : नांव एक, अर्थ निराळे

भूगोलाच्या तासाला फिलाडेल्फिया हें नांव निघालें कीं आपलें बोट नकाशावर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे वळतें. परंतु त्या शहराचा पाया घातला जाण्यापूर्वीं अठराशेंहून अधिक वर्षें या नांवाचीं शहरें आशिया खंडांत नांदत होतीं. शब्द ग्रीक असून कोशांत त्याचा अर्थ ‘बंधुप्रेम’ एवढाच सांपडतो. पण तें प्रेम कोणाचें व कसलें, हें प्रत्येक ठिकाणीं निराळें आहे.

बायबलांतील प्रकटीकरणाच्या पुस्तकांत ज्या सात मंडळ्यांना पत्रें लिहिलीं आहेत, त्यांपैकीं एक फिलाडेल्फियाची. हें गांव आज तुर्कस्थानांत अलाशेहिर या नांवानें ओळखलें जातें. पर्गामचा राजा दुसरा अत्तालस याच्या ‘बंधुप्रेमी’ या उपपदावरून त्यास जुनें नांव मिळालें. वडील भाऊ यूमेनीस गादीवर असतांना रोममधील कांहीं वजनदार मंडळींनीं अत्तालसास स्वतःकरितां राज्य मागून घेण्याविषयीं चिथाविलें. परंतु त्यानें भावाशीं दगा केला नाहीं. आपल्याकडे भरताचें नांव ज्या आदरानें घेतात, त्या आदरास हा पुरुष पात्र आहे, असें मला वाटतें.

जॉर्डनची राजधानी अम्मान हीहि एके काळीं फिलाडेल्फियाच होती. तें नांव मिसरचा राजा दुसरा टॉलेमी याच्यामुळें पडलें; आणि त्याचें उपपद सख्खी बहीण आर्सिनोई हिच्याशीं त्यानें केलेल्या विवाहाशीं निगडित आहे. भावांचें म्हणाल, तर आर्गीयस नामक आपल्या भावास त्यानें कटाच्या आरोपावरून ठार केलें, असें पाउसानियास हा ग्रीक लेखक सांगतो. असल्या राजाच्या नांवानें ‘बंधुप्रेम’ मिरविणारें नगर! पुढें तें नांव मागें पडून प्राचीन अम्मोनी लोकांचें नांव पुन्हां रूढ झालें, याचें मला तरी वाईट वाटत नाहीं.

विल्यम पेन यानें १६८२ सालीं अमेरिकेंत आपलें शहर वसविलें, तेव्हां कोणा राजाची स्तुति करण्याचा त्याचा हेतु नव्हता. क्वेकर पंथाचा म्हणून इंग्लंडांत त्यानें तुरुंग भोगला होता. निरनिराळ्या पंथांच्या लोकांनीं येथें शेजारधर्मानें राहावें, ही त्याची इच्छा होती. तथापि पेन स्वतः गुलाम बाळगीत असे. १८३८ सालीं गुलामगिरीच्या विरोधकांनीं बांधलेलें सभागृह उघडल्यापासून चौथ्या दिवशीं जमावानें जाळून टाकिलें. १८४४ च्या दंगलींत कॅथॉलिकांचीं देवळें जळालीं. आणि शाळेंत कोणतें बायबल वाचावें, हें त्या भांडणाचें एक कारण होतें! विद्यार्थ्यांनीं याचा विचार करावा.

म्हणून माझें मत असें कीं, गांवाच्या नांवाचा अर्थ कोशकारास न विचारतां, तेथें उपरा म्हणून गेलेल्या माणसास विचारावा. असा एक साक्षीदार आपल्या घरचाच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून निघून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्या. वय अवघें अठरा. धर्म, आहार व लुगडें त्यांनीं सोडलें नाहीं, आणि सोडावें अशी अट कॉलेजानें घातली नाहीं. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली, तेव्हां ती पाहण्याकरितां पंडिता रमाबाई इंग्लंडाहून मुद्दाम आल्या होत्या.